मी दोन हातांवरच होतो

मी एक जुना डबा आहे. पुठ्ठ्याचा, वरून विटकरी रंगाचे बाइंडिंगचे कापड चढवलेला, वीतभर लांब आणि चार बोटे रुंद. माझ्या पोटात पाच कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्याला स्वतःचे झाकण. कोपरे झिजून आतला पांढरा पुठ्ठा डोकावू लागला आहे. एका झाकणाची कापडी बिजागरी सुटत आली आहे. मित्रांनो, जुनी वस्तू बोलू लागली की ती काहीतरी हळवे सांगणार, असे तुम्हाला वाटत असेल. हळवे बोलणे मलाही जमते. पण मी रागावलेलो आहे. हा राग चार वर्षांचा आहे आणि अजून निवलेला नाही.

माझा जन्म एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर झाला. तिथे बाइंडिंगची खोली होती. खळीचा वास, कापडाचे तुकडे, कागदाच्या कातरणांचा ढीग आणि मध्ये एक भलेमोठे टेबल. ज्यांनी मला घडवले ते त्या टेबलाशी एकतीस वर्षे उभे होते. त्यांना सगळे बाइंडरकाका म्हणत. पाने सुटलेली, पाठ मोडलेली, वाळवीने कुरतडलेली पुस्तके त्यांच्याकडे येत आणि धडधाकट होऊन वर जात. दाभणाने शिवायचे, खळ लावायची, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, वजनाखाली ठेवायचे आणि शेवटी पाठीवर चिठ्ठी डकवून तिच्यावर पुस्तकाचे नाव लिहायचे. काकांचे अक्षर पाहून लोकांना ते छापलेलेच वाटे.

ते अक्षरच आधी बदलले. वेडेवाकडे झाले नाही, लहान झाले. नावाच्या सुरुवातीला हरभऱ्याएवढे असलेले अक्षर शेवटाला मोहरीएवढे होऊ लागले. ग्रंथपालबाईंनी एकदा हसत विचारले, की आता पुस्तकाबरोबर वाचकांना भिंगही द्यायचे का. काकाही हसले आणि त्यांनी चष्मा बदलला. मग दुसऱ्यांदा बदलला. मग चालताना त्यांचा डावा हात हलेनासा झाला, खिशात घातल्यासारखा एका जागी राहू लागला. उजव्या हाताचा अंगठा रिकाम्या वेळी तर्जनीवर फिरू लागला, जणू तो अदृश्य दोरा वळतो आहे.

काकू त्यांना मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी त्यांना मूठ उघड-मीट करायला लावली, लांब बोळातून चालायला लावले, वळायला लावले. मग समोर बसवून सांगितले की हा कंपवात आहे, पार्किन्सन. मेंदूत तयार होणारे एक द्रव्य कमी पडते आहे. गोळीतून ते मिळेल, पण काही तासांपुरतेच. ते संपले की शरीर पुन्हा आखडेल. म्हणून दर तीन तासांनी एक गोळी. सात, दहा, एक, चार आणि पुन्हा सात.

"घड्याळ बघून घ्यायची, आठवण झाली म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या अर्धा तास आधी. दुधाबरोबर, अंड्याबरोबर नको, तिचा जोर कमी होतो. आणि एकदम बंद कधीच करायची नाही. अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, जीवावर बेतू शकतं. वाढवायची असेल तर मी वाढवीन. तुम्ही नाही."

काकूंनी दुकानातून गोळ्यांसाठी प्लॅस्टिकचा डबा आणला. त्या डब्याबद्दल बोलायचे तर माझा पहिला राग तोच. त्याची झाकणे इतकी घट्ट होती की ती उघडायला तरण्या माणसाची नखे लागावीत. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी वस्तू बनवणाऱ्या माणसाने एकदा तरी थरथरत्या हातांनी ती उघडून पाहिली होती का? काकांनी तो डबा दोनदा जमिनीवर सांडला आणि तिसऱ्यांदा तो उघडण्याच्या खटाटोपात गोळीला वीस मिनिटे उशीर झाला.

मग त्यांनी मला बनवायला घेतले. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने त्यांचे हात मोकळे होत, आणि तेवढ्या वेळात ते माझे काम करत. पुठ्ठा मापून कापला, कप्पे जोडले, कापड चढवले. प्रत्येक झाकणाला त्यांनी रुंद फितीची जीभ लावली. ती नुसती बोटाने ओढली की झाकण उघडते. वेळा हाताने लिहिण्याच्या फंदात ते पडले नाहीत. पितळी ठशांनी त्यांनी झाकणांवर सोनेरी आकडे उठवले. एरवी दोन दिवसांत झाले असते ते काम, त्याला पंधरा दिवस लागले.

सर्वांवर एक मोठे झाकण आहे. त्याच्या आतल्या बाजूला त्यांच्या लेकीने एक कार्ड चिकटवले. ही लेक बस डेपोत वेळापत्रके आखते, त्यामुळे तिचे लिहिणे नेमके. औषधाचे नाव, मात्रा, पाच वेळा, डॉक्टरीणबाईंचा फोन. खाली लाल शाईत, बाईंनी सांगितल्याप्रमाणे, दोन ओळी: उलटीची काही औषधे आणि झोपवण्याची, शांत करण्याची काही इंजेक्शने या रोग्याला चालत नाहीत, देण्याआधी विचारा. त्या औषधांची नावेही तिथे होती. गोळ्या ती पाकिटातून सोलत नसे, हवा लागू नये म्हणून कात्रीने एकेक घर कापून माझ्या कप्प्यांत ठेवत असे. मित्रांनो, हे सगळे एवढ्या बारकाईने सांगतो आहे, कारण माझ्यात काय नव्हते ते मला तुमच्याकडून ऐकायचे आहे. सगळे होते. वाचणारा तेवढा हवा होता.

काही वर्षे आमची चांगली गेली. सातच्या गोळीनंतर काका दाढी करत, दहाच्या गोळीनंतर फिरायला जात, एकची घेऊन झाल्यावर अर्ध्या तासाने काकू ताट वाढत. गोळी लागू पडली की काका म्हणत, दार उघडले. गोळीचा असर संपत आला की म्हणत, दार लागायला आले. डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेऊन फिरवून पाहिले, बाहेर बसलेल्या रोग्यांना दाखवले, आणि माझ्यासारखे आणखी चार डबे काकांकडून मागून घेतले. माझी छाती पुठ्ठ्याचीच, पण त्या दिवशी ती फुगली होती.

चुका झाल्या नाहीत असे नाही, आणि त्या मी झाकणार नाही. काका निवृत्त झाले, तेव्हा ग्रंथालयात त्यांच्या निरोपाचा समारंभ होता. भाषण करताना हात थरथरू नये म्हणून त्यांनी कुणाला न सांगता एकची आणि चारची गोळी एकदमच घेतली. व्यासपीठावर त्यांचे हात थरथरले नाहीत, पण सगळे अंग वेटोळे घेऊ लागले. मान वळे, खांदा उडे, पाय आपोआप फिरत. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणाले की निरोपाच्या दिवशी तरी घ्यायला नको होती. काकांनी ते ऐकले. दारूच्या थेंबालाही न शिवलेला तो माणूस भाषण अर्धवट टाकून खाली उतरला. घरी लेकीने चारचे झाकण उघडले, तर कप्पा आधीच रिकामा. तिने तो रिकामा कप्पा त्यांच्यापुढे धरला. ते मान खाली घालून म्हणाले, "एक दिवस बरं दिसावं असं वाटलं गं." मी त्यांच्यावर रागावलो नाही. पण त्या मागच्या रांगेवर मात्र रागावलो.

आणि मग होते भाऊसाहेब. काकूंचे थोरले भाऊ. त्यांना कुठल्याही विषयात कधी शंका येत नसे. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले की इतक्या गोळ्यांनी माणूस पोखरून निघतो, आठ दिवस सगळे बंद करून पाहा, शरीर स्वतःच सावरते. काका भिडस्त, शिवाय मेहुण्यांचा मान राखायचा. त्यांनी एक दिवस गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघराच्या उंबरठ्यावर उभे राहिले ते उभेच राहिले. पाय जमिनीला चिकटले. काकूंनी त्यांना कसेबसे खुर्चीवर बसवले, डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी सांगितले तशी गोळी दिली, आणि मग भावाला फोन लावून शांतपणे सांगितले की यापुढे घरी यायचे ते जेवायला यायचे, औषध सांगायला नाही. भाऊसाहेब सहा महिने आले नाहीत. घर सुखात होते.

आता माझ्या खऱ्या रागाकडे येतो.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी दहाची गोळी घेऊन झाल्यावर काका स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर घसरले. खुब्याचे हाड मोडले. गाडीतून त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेले आणि पिशवीत मी होतो. सातचा आणि दहाचा कप्पा रिकामा, बाकीचे तीन भरलेले, शिवाय अख्खी पाकिटे. लेकीने दाखल करून घेणाऱ्या कारकुनाला माझे मोठे झाकण उघडून कार्ड दाखवले. त्याने मान डोलावली. वॉर्डातल्या मुख्य सिस्टरनी पिशवी घेतली आणि सांगितले की रोग्याने स्वतःची औषधे जवळ ठेवायची नाहीत, इथली औषधे आम्ही देतो, आणि नातेवाइकांनी चार ते पाच यायचे. मला त्यांच्या टेबलामागच्या काचेच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावले.

मी काचेतून सगळे पाहत होतो. टेबल माझ्यापासून दोन हातांवर, काकांची खाट तिथून दहा पावलांवर. एक वाजला. कुणी आले नाही. चार वाजता लेक आणि काकू आल्या, गोळ्या चालू आहेत ना म्हणून विचारले. टेबलावरच्या सिस्टर वर न पाहता म्हणाल्या, सगळं चालू आहे. सात वाजले. त्या वॉर्डात औषधांची गाडी सकाळी नऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी आठला फिरे. काकांच्या कागदावर पाच वेळांच्या जागी दिवसातून तीनदा असे लिहिले गेले होते. आणि त्या तीनदाही काय झाले? गाडीवर ती गोळीच नव्हती. सिस्टरनी कागदावर लिहिले: स्टॉकमध्ये नाही. माझ्यासमोर बसून लिहिले. मान वळवली असती तर मी दिसलो असतो. तीन कप्पे भरलेला, सोनेरी आकडे घातलेला, काचेला टेकून उभा. मित्रांनो, पुठ्ठ्याला ओरडता येत नाही याचे दुःख मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा झाले.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती म्हणून तोंडाने काही द्यायचे नाही असा हुकूम. ऑपरेशनच्या दिवशीही ही गोळी कशी चालू ठेवायची, हे कार्डावरच्या फोनवर विचारता आले असते. कुणी विचारले नाही. त्या दिवशी लेकीला पाच मिनिटे भेटू दिले. काका गुंगीत होते, त्यामुळे तिला काही कळले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उलट्या झाल्या आणि उलटीचे इंजेक्शन दिले गेले. माझ्या कार्डावर लाल शाईत ज्याचे नाव होते, तेच.

काकांनी मागितले नव्हते असे नाही. त्यांनी पहिल्या दिवशी तीनदा मागितले. पण या आजारात आवाज बारीक होतो, चेहरा हलत नाही. त्यांनी हळू आवाजात "माझी सातची गोळी" म्हटले, की जाणारा माणूस "हो आजोबा, देतो" म्हणून पुढे जाई. भिडस्त माणूस चौथ्यांदा मागत नाही. मग त्यांना मागता येईनासेच झाले. अंग लाकडासारखे ताठ, लाळ गळते आहे, चमचाभर पाणीही गिळता येत नाही, अंगात ताप. नसलेली माणसे त्यांना दिसू लागली. त्यांनी सलाइनची नळी ओढली. तेव्हा एका नवख्या डॉक्टरांनी कागदावर लिहिले की रोगी सहकार्य करत नाही. काकांची दोन्ही मनगटे पट्टीने खाटेला बांधली. ज्या हातांनी हजारो पुस्तके बांधली ते हात. आणि त्यांना शांत करायचे इंजेक्शन लिहून दिले.

ते इंजेक्शन टेबलावर भरले जात असताना चार वाजले आणि लेक आत आली. तिने वडिलांकडे पाहिले, बांधलेल्या मनगटांकडे पाहिले आणि ती खाटेकडे न जाता थेट टेबलाशी आली.

"यांना शेवटची गोळी कधी दिली?"

सिस्टर म्हणाल्या, कागद बघावा लागेल. लेकीने सांगितले, बघा, मी थांबते. सिस्टरनी कागद काढून तिच्यापुढे केला: स्टॉकमध्ये नाही. तेवढ्यात कपाट तपासायला रुग्णालयातल्या औषधविभागाच्या बाई आल्या, पन्नाशीच्या, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. लेकीने काचेकडे बोट केले. बाईंनी कुलूप काढून मला बाहेर घेतले, कार्ड वाचले, मग एकेक फीत ओढून झाकणे उघडली. एक. चार. सात. तिन्ही भरलेले.

"अकरा गोळ्या चुकल्यात," लेक सिस्टरना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ताई, मी बसची वेळापत्रकं करते. सातची गाडी सुटली नाही तर मी कागदावर गाडी नाही असं लिहून घरी जात नाही. डेपोत उभी असलेली गाडी आधी बघते."

बाईंनी भरलेल्या सुईकडे पाहिले आणि ती उचलून स्वतःच्या हातात घेतली. "हे यांना द्यायचं नाही," त्या नवख्या डॉक्टरांना म्हणाल्या. "सकाळचं उलटीचंही द्यायला नको होतं. इथं लिहिलंय, लाल अक्षरांत. आता या नंबरवर फोन लावा, माझ्यासमोर."

फोन लागला. डॉक्टरीणबाईंचा आवाज मला टेबलावरून ऐकू येत होता, आणि तोही माझ्यासारखाच तापलेला होता. त्यांनी सगळे नीट सांगितले. गिळता येत नाही तर नाकातून नळी घाला. यातली कोणती गोळी कुटून नळीतून देता येते आणि कोणती कुटायची नाही, ते त्यांनी औषधवाल्या बाईंकडून परत वदवून घेतले. मनगटे सोडवली गेली. साडेचारला माझा चारचा कप्पा रिकामा झाला.

दार लगेच उघडले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांची बोटे हलली. तिसऱ्या दिवशी ते पहिले वाक्य बोलले. मुख्य सिस्टर उशी नीट करत होत्या, आणि ते त्यांना म्हणाले, "मी तुम्हाला फार त्रास दिला का हो?"

मित्रांनो, सिस्टर रडल्या. मला ते दिसले, आणि तरीही माझा राग गेला नाही. त्या वाईट नव्हत्या. अठ्ठावीस रोग्यांमागे त्या दोघीच होत्या, हेही मी काचेतून पाहिले आहे. पण ज्याच्या तोंडचे औषध काढून घेतले त्याने माफी मागावी, ही कुठली रीत?

या सगळ्यात काकांच्या छातीत पाणी उतरून न्यूमोनिया झाला. दहा दिवसांनी घरी यायचे ते पाच आठवड्यांनी आले. स्वतः चालत फिरायला जाणारा माणूस वॉकरचा आधार घेऊन खोलीतल्या खोलीत चालू लागला. बाइंडिंगची ती हाडाची पट्टी त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. लेकीने लेखी तक्रार केली. उत्तर आले की प्रकरणाची नोंद घेण्यात आली आहे. तेवढेच. औषधवाल्या बाईंनी मात्र वरिष्ठांच्या मागे लागून त्या वॉर्डात एक गोष्ट बदलून घेतली: अशा रोग्याच्या गोळ्या तपासून त्याच्याच वेळेला द्यायच्या, आणि गाडीवर नसल्या तर त्याच्या स्वतःच्या वापरायच्या. एका वॉर्डात. बाकीच्यांचे काय, ते मला माहीत नाही.

यंदा काकांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. रुग्णालय वेगळे, पण खिडकीवरचा माणूस तेच बोलला: औषधे इथे जमा करा. लेक कामावर होती. काकू एकट्या होत्या. जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेली बाई. त्यांनी मला पिशवीतून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि हात माझ्यावरच ठेवला.

"हा डबा यांच्या उशाशी राहील," त्या म्हणाल्या.

तो म्हणाला, नियम आहे.

"असेल. मोठ्या डॉक्टरांना बोलवा. मी बसते."

आणि त्या बसल्या. मागे रांग वाढली, लोक कुरकुरले, कुणी म्हणाले की आजी, जरा समजून घ्या. काकू म्हणाल्या, समजून घेऊनच बसले आहे. चाळीस मिनिटांनी मोठे डॉक्टर आले, उभ्या उभ्या कार्ड वाचले, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचले. त्यांनी कागदावर पाचही वेळा लिहिल्या आणि खाली सही केली. मी उशाशी राहिलो.

लोक या गोष्टीत काकूंचे कौतुक करतात. करा. पण त्या बाईंना चाळीस मिनिटे का बसावे लागले, हे कोण विचारणार?

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात कुणाची अशी गोळी असेल तर तिची वेळ पाठ करा. डॉक्टरांशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून ती वाढवू नका, कमी करू नका, बंद तर मुळीच करू नका. काय चालत नाही, ते लिहून सोबत ठेवा. आणि रुग्णालयात गेलात, तर सगळे चालू आहे या उत्तरावर घरी परतू नका. कधी दिली, किती वाजता दिली, कुणी दिली, ते विचारा. उद्धट म्हणतील. म्हणू द्या. तुमच्या माणसाचा आवाज बारीक झाला असेल, तर तुमचा मोठा करा.